नाण्याचा ठावठिकाणा

रोमन साम्राज्यात सोन्या-चांदीची नाणी बहुतांशी बादशाही टांकसाळींतून येत. पण बाजारहाटीला आणि रोजच्या किरकोळ व्यवहाराला लागणारी ब्राँझची नाणी शेकडो शहरं आपापली पाडत. पश्चिमेकडे ही रीत पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत संपली. पूर्वेकडे, म्हणजे आजचा ग्रीस, बल्गेरिया, तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन, इस्रायल आणि इजिप्त या भागांत, ती तिसऱ्या शतकापर्यंत जोरात चालली. अगदी शेवटी उरली होती अलेक्झांड्रियाची टांकसाळ. डायोक्लेशन बादशहाच्या नाणेसुधारणेत, इ.स. २९६-९७च्या सुमारास, तिची स्वतंत्र नाणी बंद झाली. या नाण्यांवर एका बाजूला बादशहाचा किंवा त्याच्या घरातल्या कुणाचा चेहरा असतो. दुसऱ्या बाजूला असतं ते त्या गावचं : गावचा देव, देऊळ, नदी, खेळांच्या जत्रा. अक्षरं बहुधा ग्रीक. काही छापांची जगात एक-दोनच नाणी उरली आहेत.

अशी नाणी जमवणाऱ्यांचा एक छोटा, जाणकार वर्ग जगभर आहे, आणि उत्खनन करणाऱ्यांचं त्यांच्याशी जुनं भांडण आहे. दोघांनाही इतिहासच हवा आहे, म्हणून हे भांडण समजून घेण्याजोगं वाटतं. ते मी मामा-भाचीच्या तोंडी मांडलं आहे. मामा इंग्लंडमध्ये लेस्टरला स्थायिक झालेला निवृत्त गृहस्थ. भाची पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेली, आता तुर्कस्तानातल्या एका उत्खननात सापडलेल्या नाण्यांची नोंद करणारी.

मामा : हे बघ. कडांना धर, मधे बोटं लावू नकोस. स्ट्रॅटोनिकेया, कॅरिया प्रदेश, तुझ्या तुर्कस्तानातलंच. डावीकडे कोण दिसतो?

भाची : कॅराकॅला. दाढी, जाड मान, कपाळाला आठी. उजवीकडे मात्र काहीच नाही. खरवडलंय का कुणी?

मामा : ठोकून काढलंय. तिथे त्याचा धाकटा भाऊ गेटा होता, दोघं समोरासमोर. बाप सेप्टिमियस सेव्हेरस २११ साली वारला. दोघा भावांकडे राज्य आलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅराकॅलानं गेटाला आईच्या कुशीत मारवलं. मग फर्मान सुटलं : गेटाचं नाव आणि चेहरा जिथे असेल तिथून नाहीसा करा. रोमपासून इतक्या लांबच्या या शहरानं चलनातल्या नाण्यांवरूनसुद्धा त्याला पुसला. आता भिंग घे. सपाट झालेल्या जागेजवळ दोन बारीक ठसे आहेत. एकात शिरस्त्राण घातलेलं डोकं, दुसऱ्यात ग्रीक अक्षरं. पुसलेलं नाणं पुन्हा बाजारात चालावं म्हणून मारलेले असावेत. हे सगळं कुठल्या ग्रंथात वाचायचं नाही, इथे धातूतच दिसतं.

भाची : विलक्षण आहे. आणि मागच्या बाजूला हेकाटी देवी, हातात मशाल. तिचं मोठं देवस्थान लॅगिनाला, याच शहराच्या हद्दीत. मामा, हे सापडलं कुठे?

मामा : म्यूनिकच्या एका लिलावात घेतलं, पुष्कळ वर्षांपूर्वी.

भाची : घेतलंस कुठे ते नाही रे. जमिनीतून निघालं कुठे?

मामा : कागदावर ‘जुना युरोपीय संग्रह’ एवढंच लिहिलंय. पण त्यानं अडतं कुठे? शहर कळलं, माणसं कळली, फर्मान कळलं, वर्षसुद्धा जवळजवळ कळलं.

भाची : आणि लोकांनी ते फर्मान कितपत मानलं, ते? हे नाणं लॅगिनाच्या देवळात वाहिलेलं होतं की एखाद्या दुकानाच्या जमिनीत रुतलेलं? त्याच थैलीत गेटाचा चेहरा शाबूत असलेली नाणी होती का? असतील, तर शहराच्या चौकात एक चाललं होतं आणि घराघरात दुसरंच. नसतील, तर धाक खरोखर गल्लीबोळापर्यंत पोचला होता. हे ठरवायला नाणं जिथे होतं तिथे, शेजारच्या वस्तूंसकट बघावं लागतं. आता ते कधीच ठरणार नाही.

मामा : ते कबूल. पण तुम्ही लोक असं बोलता की जणू जागा कळल्याशिवाय नाणं मुकंच. क्निडोसचं उदाहरण घे. प्रॅक्सिटेलीसनं घडवलेली अ‍ॅफ्रोडाइटी, सगळ्या प्राचीन जगानं वाखाणलेली. मूळ पुतळा कधीच नष्ट झाला. रोमन काळातल्या प्रतिकृतींच्या गर्दीतून नेमकी ती कुठली, हे ओळखलं कशावरून? क्निडोस शहरानं कॅराकॅला आणि त्याची बायको प्लॉटिला यांच्या नावे पाडलेल्या एका ब्राँझच्या नाण्यावरून. एक हात पुढे, दुसऱ्या हातातलं वस्त्र बाजूच्या घटावर सोडलेलं. तीच गोष्ट अलेक्झांड्रियाच्या दीपगृहाची. ते उभं असताना काढलेली त्याची चित्रं फार थोडी. त्यांतली महत्त्वाची इजिप्तच्या ब्राँझ नाण्यांवर आहेत. यांतल्या कशाला ते नाणं कुठल्या खड्ड्यातून आलं हे कळण्याची गरज पडली नाही.

भाची : चित्रापुरतं तुझं म्हणणं बरोबर आहे.

मामा : चित्रापुरतंच नाही. १९७२ साली कोनराड क्राफ्ट या जर्मन अभ्यासकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आशिया मायनरमधली वेगवेगळी शहरं बादशहाच्या चेहऱ्यासाठी कित्येकदा एकच ठसा वापरत होती, हे त्यानं दाखवून दिलं. म्हणजे प्रत्येक गावाची स्वतःची टांकसाळ होती असं नव्हे. काही कारखाने अनेक गावांचं काम करत होते. आर्थिक इतिहासाचं केवढं मोठं दार उघडलं! ते कशाच्या जोरावर? संग्रहांतली हजारो नाणी एकापुढे एक ठेवून. विंटरथूरचा इमहूफ-ब्लूमर हा आमच्यासारखाच खासगी संग्राहक. त्याचा संग्रह १९०० साली बर्लिनच्या नाणेसंग्रहालयात गेला आणि आजही अभ्यासाचा आधार आहे. रोमन प्रांतिक नाण्यांची जी मोठी सूची १९९२पासून खंडाखंडानं निघते आहे, तिच्यात संग्रहालयांच्या बरोबरीनं लिलावांच्या सूचींतली नाणीही घ्यावी लागतात. एकुलत्या एका नाण्यावर उभे असलेले छाप तिच्यात कितीतरी आहेत.

भाची : तुमच्या छंदानं ज्ञान वाढलं हे मी नाकारत नाही. क्राफ्टचंच बघ ना. कारखाना एक होता हे ठशांवरून कळलं. पण ती नाणी पाडल्यावर गेली कुठे, किती दिवस चालली, कुणाच्या हाती पडली? तिथे ठसा मदत करत नाही. ब्राँझचं नाणं आपल्या शहराच्या पंचक्रोशीत चालायचं. सोनं-चांदी समुद्र ओलांडून आपल्याकडे भारतातही आली, कारण ती धातूच्या मोलानं चालत. एखाद्या गावाच्या ब्राँझला दुसरीकडे कोण विचारणार? म्हणूनच असं नाणं घरापासून दूर सापडलं की आम्ही कान टवकारतो. सैनिक गेला का, यात्रेकरू गेला का, व्यापारी गेला का? ड्यूरा-युरोपोसचं उत्खनन तू वाचलं आहेस.

मामा : सीरियातलं, फरात नदीकाठचं. येल विद्यापीठ आणि फ्रेंचांनी केलेलं.

भाची : हो, १९२८ ते १९३७. तिथे १४ हजारांहून अधिक नाणी नोंदली गेली. अँटिओकची, एडेसाची, निसिबिसची, कॅऱ्हाएची. कुठल्या शहराशी ड्यूराचा राबता कधी वाढला आणि कधी आटला, ते त्या नोंदींवरून वाचता येतं. पण मला सगळ्यात भिडतं ते तटाखालचं भुयार. सासानी इराण्यांनी शहराला वेढा घातला आणि तट पाडायला खालून भुयार खणलं. रोमन सैनिकांनी त्यांना अडवायला आतून दुसरं भुयार खणलं. दोन्ही भुयारं भिडली, आणि तिथे रोमन सैनिक जागीच मेले. त्यांचे सांगाडे सापडले, अंगावरच्या थैल्यांतली नाणी सापडली. त्यांतली सर्वांत अलीकडची इ.स. २५६ची. शहर कधी पडलं याचा सगळ्यात भक्कम पुरावा तो. तीच नाणी कुणी चोरून काढून तुमच्या लिलावात मांडली असती, तर तुझ्यासारख्या जाणकारानंही ती पुढे सरकवली असती, कारण छाप अगदी साधे. त्यांचं मोल त्या माणसांच्या कमरेला असण्यात होतं.

मामा : यावर माझ्याजवळ उत्तर नाही. पण दुसरी बाजूही ऐक. उत्खननात निघालेल्या ब्राँझचं पुढे काय होतं? ओलसर कोठारात पाकिटं पडून राहतात. क्षार धातूत शिरतात, हिरवी भुकटी उठते आणि नाणं आतून पोखरतं. मी माझ्याकडचं प्रत्येक नाणं ऊर्ध्वपातित पाण्यात घालून क्षार उतरवतो, कोरड्या हवेत ठेवतो, दर हिवाळ्यात काढून तपासतो. उत्खननाचे अहवाल वीस-वीस वर्षं बाहेर येत नाहीत. मला हवं असलेलं नाणं तुमच्या कोठारात आहे की नाही, हेसुद्धा मला कळू शकत नाही.

भाची : अहवाल रखडतात हे खरं, आणि ते अक्षम्य आहे. पैसा खणायला मिळतो, नोंदणीला आणि जतनाला मिळत नाही. आमच्यावरचा हा ठपका मी टाळणार नाही. पण कोठारात पडलेल्या पाकिटावर थराचा नंबर असतो. उद्या कुणी ते उघडलं तर माहिती शाबूत आहे. चोरट्या खड्ड्यातून निघालेल्या नाण्याची माहिती निघता क्षणीच संपते.

मामा : सगळी नाणी चोरट्या खड्ड्यांतूनच येतात असं का धरतेस?

भाची : सगळी येत नाहीत. पण जी येतात त्यांचं प्रमाण झाकून ठेवण्याची सोय तुमच्या बाजारानं केली आहे. सीरियातल्या ओरोंटेस नदीकाठच्या अपामिआची २०११ आणि २०१२ सालची उपग्रहचित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघ. पहिल्यात शेतं आणि दगडी रस्ता. दुसऱ्यात हजारो खड्डे, देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखी जमीन. ड्यूराचीही नंतर तीच गत झाली. कॅनडानं २०११ साली बल्गेरियाला जप्त केलेल्या सुमारे २१ हजार वस्तू परत दिल्या. त्यांत बहुतेक नाणी होती. मातीसकट, न धुतलेली नाणी घाऊक भावानं विकली जातात, हे तुला माहीत आहे.

मामा : तसला माल मी कधी घेतला नाही. मी दुर्मीळ छाप घेतो, एकेक, पारखून.

भाची : दुर्मिळाची ओढच जास्त नुकसान करते, मामा. मेटल डिटेक्टर घेऊन रात्री शेतात शिरणारा माणूस सामान्य नाण्यांसाठी जीव धोक्यात घालत नाही. त्याला तुमचं ते एकुलतं एक नाणं हवं असतं. त्याच्यासाठी तो शंभर खड्डे पाडतो. उरलेलं घाऊक जातं, मातीची भांडी आणि हाडं फेकली जातात. आणि जो छाप कुणालाच माहीत नाही, त्याच्याच बाबतीत जागा सर्वांत महत्त्वाची. अँटिओक, अपामिआ, निकोपोलिस, सीझरिया या नावांची कितीतरी गावं होती. काही नाण्यांवर तर गावाचं नावच नसतं. ती कुठली, हे बव्हंशी कुठे सापडतात यावरून ठरवायचं. म्हणजे नाणं जितकं दुर्मीळ, तितकं ते बेवारस मिळण्यानं होणारं नुकसान मोठं.

मामा : हे मी या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं.

भाची : सातबारा न बघता आपल्याकडे कुणी गुंठाभर जमीन घेत नाही. मग दोन हजार वर्षांचं नाणं तुम्ही नुसत्या ‘जुना संग्रह’ या दोन शब्दांवर कसं घेता?

मामा : बरं. मग करायचं काय? बंदी? तुर्कस्तानात १९८३पासून कडक कायदा आहे, जमिनीतली प्रत्येक पुरावस्तू सरकारची. तरी खड्डे थांबलेत का?

भाची : नुसत्या बंदीनं थांबत नाहीत. पण त्याच कायद्यात संग्राहकाला परवाना घेऊन, संग्रहालयाच्या देखरेखीखाली, नोंदवहीत प्रत्येक वस्तू चढवून संग्रह करता येतो, हेही सांग. आणि तू राहतोस त्या देशात तर याहून मोकळी वाट आहे.

मामा : इथे इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६चा निधी कायदा आहे. तीनशे वर्षांहून जुनी, एकाच ठिकाणची दहा किंवा अधिक ब्राँझ नाणी सापडली तर कळवणं सक्तीचं. त्याखेरीज सुट्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करणारी योजना १९९७पासून चालते. तिच्यात १५ लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात, बहुतेक छंदी लोकांनी आणलेल्या. सॉमरसेटमधल्या फ्रोमचा निधी तर मला तोंडपाठ आहे. २०१० साली एका डिटेक्टरवाल्याला शेतात मडक्याचं तोंड लागलं. त्यानं हात आवरला, खणणं थांबवलं आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. ५२,५०३ नाणी निघाली.

भाची : आणि ती मडक्यातून थराथरानं काढली म्हणूनच पुढचं कळलं. कारॉसियस बादशहाची नाणी त्या निधीतली सर्वांत अलीकडची. कुणी वर्षानुवर्षं बचत टाकत गेला असता तर ती वरच असायला हवी होती. ती बरीचशी खालच्या भागात निघाली. म्हणजे मडकं एकाच वेळी भरलं गेलं. इतकं मोठं, पातळ भांडं भरून उचलणंही शक्य नव्हतं. आधी पुरलं, मग त्यात नाणी ओतली. त्यावरून हा देवाला वाहिलेला ठेवा असावा, असा तर्क पुढे आला. त्या माणसानं अधीरपणे मडकं उपसलं असतं, तर हा प्रश्नच कुणाला पडला नसता.

मामा : म्हणजे छंदी माणूस तुमचा शत्रू नाही.

भाची : नाहीच. गप्प बसणारा माणूस शत्रू आहे, मग तो खणणारा असो, विकणारा असो की घेणारा.

मामा : पण एक अडचण सांगतो. बहुतेक संग्रहालयं १९७०ची रेघ मानतात. युनेस्कोचा करार त्या वर्षीचा. त्याआधीपासून बाहेर असल्याचा कागद हवा. सोन्याच्या नाण्यांना असे कागद असतात. साध्या ब्राँझच्या नाण्याला शंभर वर्षांपूर्वी पावती कोण देत होतं? ही अट लावली तर सचोटीनं घेतलेली हजारो नाणी बेवारस ठरतील. त्यांची नोंद करायची की त्यांच्याकडे पाठ फिरवायची? मी म्हणतो, छायाचित्र, वजन, ठसा सगळं सूचीत जायलाच हवं.

भाची : सूचीत छापून आलं की भाव वाढतो आणि पुढच्या खड्ड्याला निमित्त मिळतं. तुझ्याकडे आधीपासून असलेली जरूर नोंदव. पण काल-परवा बाजारात आलेलं, मागचा पुढचा पत्ता नसलेलं नाणं मी तरी प्रसिद्ध करणार नाही.

मामा : तिथे आपलं जमायचं नाही. जे अस्तित्वात आहे ते अभ्यासातून वगळणं मला पटत नाही.

भाची : नको पटू दे. घेण्याबद्दल तरी पटतंय का?

मामा : घेण्याबद्दल पटतंय. खरं सांगायचं तर जुना पत्ता शोधण्यात आनंदही आहे. महायुद्धाआधीच्या लिलावसूचींत नाण्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींची छायाचित्रं असायची. कडेची चीर, तिरका बसलेला ठसा, तुटलेलं अक्षर जुळवत बसलं की कधीतरी आपलंच नाणं त्या पानावर भेटतं. तसं भेटलेलं साधं नाणं आता मी कागद नसलेल्या दुर्मिळापेक्षा वरचं मानीन. आणि प्रत्येक नाण्याच्या पाकिटात त्याचा सगळा कागद ठेवीन. माझ्या पश्चात ते कुणाकडेही गेलं तरी साखळी तुटायला नको.

हा वाद इथे मिटत नाही. बेवारस नाणी छापावीत की नाहीत यावर जाणकारही विभागलेले आहेत. घेण्याच्या प्रश्नावर मात्र माझं मत स्पष्ट आहे. संग्राहकांनी नाण्यावरचा छाप जपला, वाचला, ओळखला. त्यांचं ऋण मोठं आहे. पण छापाचं वाचन नंतरही करता येतं, सापडण्याची जागा एकदाच नोंदता येते. म्हणून कागदपत्र नसलेलं प्रांतिक नाणं घेऊ नये, आणि ते जगातलं एकमेव असेल तर मुळीच घेऊ नये.

ही गोष्ट दूरच्या तुर्कस्तान-सीरियापुरती नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यातली १३ हजारांहून अधिक नहपान क्षत्रपाची नाणी एकत्र अभ्यासता आली. नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला आढळला. जुन्या सत्तेचा चेहरा नव्या सत्तेनं कसा झाकला, ते प्रमाणासह कळलं, कारण निधी एकत्र मोजला गेला. सुटी नाणी सराफांकडे वितळली असती तर सातवाहनांच्या नहपानावरच्या विजयाचा हा पुरावा महाराष्ट्राला मिळाला नसता.

नांगरताना, विहीर खणताना, घराचा पाया घेताना आजही आपल्याकडे नाणी निघतात. वाचकांना विनंती आहे : नाणं सापडलं तर धुऊ नका, चिंचेनं किंवा राखेनं घासू नका, वाटून घेऊ नका. मडकं असेल तर रिकामं करू नका. जागेचा फोटो घ्या, गट नंबर आणि खोली लिहून ठेवा. १८७८च्या निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. तहसील कार्यालयात किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे त्याच दिवशी खबर द्या, आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.